नव्या खातेदाराची पत

दोन वर्षांपूर्वीं वैशाखाच्या अखेरीस एक तरुण शेतकरी आमच्याकडे आला. वडील वारल्यावर साडेचार एकर जमीन त्याच्या व त्याच्या आईच्या नांवें लागली होती. पैकीं दोन एकर विहिरीखालील व बाकीची जिराईत. विहिरीखालच्या दोन एकरांत ठिबकाच्या नळ्या टाकून टोमॅटो व त्यामागून हरभरा घ्यावा असा त्याचा बेत होता. सातबारा, आठ-अ व नळ्यांचें अंदाजपत्रक घेऊन तो तालुक्याच्या गांवच्या एका बँकेंत गेला. तेथील अधिकाऱ्यानें यंत्रांत त्याचें नांव घालून पाहिलें व कागद परत दिले. ‘तुमचा कांहीं इतिहासच दिसत नाहीं,’ एवढें एकच वाक्य त्यास ऐकावयास मिळालें.

‘काका, माझ्या वडिलांनीं सव्वीस वर्षें सोसायटीची बाकी मार्चच्या आंत भरली. घरावर कोणाचा एक पैसा नाहीं. मग आम्ही नादार कसे ठरलों ?’ असा त्याचा आम्हांस प्रश्न होता.

प्रश्न रास्त होता, आणि तो एकट्या त्याचा नव्हता. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें आज ना उद्यां याच दारांत उभीं राहणार आहेत. ज्यानें कधीं कर्ज काढलें नाहीं, किंवा ज्याच्या घरच्या देण्याघेण्याची नोंद भलत्याच वहींत राहिली, त्यानें आपली पत कोठून व कशी उभारावी, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पत नसणें आणि पत बुडणें

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. पत नसणें व पत बुडालेली असणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. पडीक रान आणि खारवटलेलें रान यांत जेवढें अंतर, तेवढें या दोहोंत आहे. पडीक रान नांगरलें म्हणजे पिकतें. खारवटलेल्या रानास आधीं चर काढून पाणी बाहेर घालवावें लागतें व तें सुधारण्यास वर्षें लागतात. आमच्या तरुण मित्राचें रान पडीक होतें. त्यास नादार कोणीं म्हटलें नव्हतें. त्याजविषयीं कांहीं ठाऊक नाहीं एवढेंच बँकेचें म्हणणें होतें.

पत म्हणजे दिलेला पैसा बोलल्या दिवशीं परत येईल असा देणाराचा भरंवसा. तो तीन गोष्टींवर उभा राहतो : जमीन, सोनें, माल अशा वस्तूवर, माणसाच्या शब्दावर, आणि मागील व्यवहाराच्या नोंदीवर. गांवचा सावकार माणसास ओळखत असे. त्याच्या वडिलांस, जमिनीस व बैलांसही ओळखत असे. बँकेचा अधिकारी दोनतीन वर्षांनीं बदलून जातो. त्यास ओळखीचा आधार नाहीं. म्हणून तो नोंदीकडे पाहतो. यांत अपमान मानण्याजोगें कांहीं नाहीं. मात्र नोंद नसली कीं माणूस अदृश्य होतो, ही अडचण खरी आहे.

वही कोणाच्या हातीं ?

ही अडचण आजची नव्हे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांचा जो उठाव झाला, त्यांत लोकांनीं मुख्यत्वें सावकारांचीं खतें व वह्या हस्तगत करून जाळल्या. पुढें तो अहमदनगर जिल्ह्यांतही पसरला. लोकांचा राग कागदावर कां होता ? कारण व्यवहार दोघांचा, पण त्याचा लेख मात्र एकाच्याच घरांत. किती घेतलें, किती भरलें, व्याज कसें चढलें, हें शेतकऱ्यास दाखवितां येत नसे. भरलेल्या रकमेची पावती त्याच्या हातीं नसे. म्हणजे पंचवीस वर्षें इमानानें फेड केलेल्या कुणब्याची पतही सावकाराच्याच पेटींत कुलुपांत असे.

या दंग्याच्या चौकशीनंतर १८७९ साली दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा झाला. त्यांतील खतांच्या नोंदणीचीं व न्यायालयांच्या अधिकाराचीं कलमें बहुतेकांस ऐकून माहीत असतात. पण आमच्या विषयास महत्त्वाचें कलम निराळेंच आहे. शेतकऱ्यास भरलेल्या पैशाची लेखी पावती मिळाली पाहिजे, वर्षाचा हिशेब मागण्याचा त्यास हक्क आहे, व पासबुकांत हिशेब लिहून घेण्याचाही हक्क आहे, असें त्या कायद्यानें ठरविलें. नोंदीची एक प्रत ऋणकोच्या हातीं आली पाहिजे, हें तत्त्व आमच्या मुलुखांत कायद्यानें मान्य झालें तें असें.

पुढें १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, व १९०५ साली तेव्हांच्या मुंबई इलाख्यांत धारवाड जिल्ह्यांतील कणगिनहाळ येथें पतसंस्था नोंदली गेली. या कायद्याची युक्ति साधी होती. एकट्या शेतकऱ्याची पत बाहेरच्या बँकेस दिसत नाहीं. परंतु एका गांवच्या लोकांनीं अमर्याद जबाबदारी पत्करून एकत्र यावें, एकमेकांची पारख करावी, व सर्वांची मिळून एक पत उभी करावी. ज्यांच्यापाशीं एकेकट्यापुरता इतिहास नव्हता, त्यांनीं शेजाऱ्याच्या डोळ्यांस दिसणाऱ्या वर्तनाचें भांडवल केलें. अहमदनगर जिल्ह्यांतील लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं १९२३ साली अशीच पतपेढी काढली. त्याच परिसरांत पुढें १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. लहान कर्जें वेळेवर देण्याघेण्याची संवय लागलेल्या लोकांच्या हातून मोठें काम उभें राहतें, याचें याहून जवळचें उदाहरण देण्याची गरज नाहीं.

तथापि सहकाराची वाढ मंद होती. १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेनें ग्रामीण कर्जाची जी पाहणी करविली, तिचा अहवाल १९५४ साली निघाला. शेतकऱ्यांनीं काढलेल्या एकंदर कर्जांत सहकारी संस्थांचा वांटा अवघा शेंकडा ३ च्या आसपास, व सरकारचाही तेवढाच असें त्यांत आढळलें. बाकीचा व्यवहार बहुतांशीं सावकार व व्यापारी यांच्या वह्यांत होता. त्या वह्या आतां कोठें आहेत, हें विचारण्यांत अर्थ नाहीं.

आजची वही

आजची वही यंत्रांत आहे. २००० साली मुंबईंत सिबिल ही संस्था स्थापन झाली, व २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आज या देशांत ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत. लोक मात्र चोहोंसही सरसकट ‘सिबिल’ म्हणतात. बँका व वित्तसंस्था आपल्या कर्जदारांची माहिती यांजकडे पाठवितात. कोणीं कर्ज केव्हां काढलें, किती बाकी आहे, हप्ता कोणत्या महिन्यांत चुकला, कोणास जामीन राहिला, हें सर्व तेथें नोंदलें जातें, व त्यावरून ३०० ते ९०० यांमधील एक आंकडा निघतो. आंकडा जितका मोठा, तितकी पत चांगली. ज्याचा व्यवहारच नाहीं, त्याच्या नांवापुढें आंकडा येत नाहीं. ‘इतिहास नाहीं’ अशा अर्थाची खूण येते. आमच्या मित्राच्या नांवापुढें तीच खूण होती.

येथें दोन गोष्टी प्रत्येक वाचकानें पक्क्या ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, या चारही कंपन्यांनीं प्रत्येक माणसास त्याचा संपूर्ण अहवाल वर्षांतून एकदां फुकट दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून अमलांत आहे. १८७९ च्या कायद्यानें दिलेल्या पासबुकाचें हें आजचें रूप होय. दुसरी ही कीं, प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाहीं एवढ्याच कारणावरून फेटाळूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें जानेवारी २०२५ च्या आपल्या निदेशांत बँकांस सांगितलें आहे. शेतकरी कर्ज मागावयास जातो तेव्हां याचना करण्यास जात नाहीं. नियम ठाऊक असला म्हणजे माणूस नम्रपणें पण ताठ बोलूं शकतो.

सोसायटीची वही व यंत्राची वही

मग सव्वीस वर्षांची ती फेड गेली कोठें ? याचें उत्तर आमच्या पतपुरवठ्याच्या रचनेंत आहे. राज्य बँक जिल्हा बँकेस, जिल्हा बँक विविध कार्यकारी सोसायटीस, व सोसायटी सभासदास कर्ज देते. जिल्हा बँकेच्या खतावणींत ऋणको म्हणून सोसायटीचें नांव असतें. सभासदाचें नांव सोसायटीच्या खतावणींत. बँकांवर पतमाहिती कंपन्यांस माहिती पाठविण्याचें बंधन आहे. सोसायटी ही बँक नव्हे. त्यामुळें कित्येक गांवीं सभासदाची आयुष्यभराची नेकी गटसचिवाच्या कपाटांतच राहिली. २०२२ साली केंद्र सरकारनें प्राथमिक सोसायट्यांचे हिशेब संगणकावर आणण्याची योजना हातीं घेतली, तेव्हां हा दोष हळूहळू कमी होईल अशी आशा आहे. परंतु आशेवर पेरणी करतां येत नाहीं.

यावरून कोणी सोसायटी सोडावी असें मात्र आमचें म्हणणें मुळींच नाहीं. पीक कर्जासाठीं तिच्यासारखें जवळचें व स्वस्त दार नाहीं. आम्हीं एवढेंच म्हणतों कीं, सोसायटीच्या वहीबरोबर दुसऱ्या वहींतही आपलें नांव चांगल्या अक्षरांत लिहविलें पाहिजे.

आरंभ कसा करावा

पहिलें काम कागदांचें. आधार, पॅन, सातबारा, आठ-अ व बँकेचें पासबुक या पांचांवर नांव एकाच रीतीनें लिहिलेलें असावें. एकीकडे ‘ज्ञानदेव’, दुसरीकडे ‘ज्ञानेश्वर’, तिसरीकडे बापाचें नांव गाळलेलें, अशा स्थितींत यंत्र एका माणसाचे दोन माणूस करतें, किंवा दोघांचा एक करतें. वडील वारल्यावर वारसाचा फेरफार वेळींच करून घ्यावा; सामाईक क्षेत्र असल्यास आपला हिस्सा किती हें कागदावर स्पष्ट असावें. २०२१ पासून पीक पाहणी शेतकऱ्यानें स्वतः भ्रमणध्वनीवर नोंदविण्याची सोय आहे. ती दर हंगामास नोंदवावी. शेतांत टोमॅटो व उताऱ्यावर ‘पड’, असें असलें तर अधिकारी उताऱ्यासच प्रमाण मानणार. शेतकरी ओळख क्रमांकही काढून ठेवावा.

दुसरें काम उत्पन्न दृष्टीस पाडण्याचें. दुधाचा पगार, कारखान्याचें उसाचें बिल, अडत्याची पट्टी हीं शक्य तेवढीं आपल्याच खात्यांत जमा करून घ्यावीं. रोख आलेला पैसाही एकदां खात्यांतून फिरवावा. बारा महिन्यांच्या पासबुकावरून या घरांत पैसा केव्हां येतो व केव्हां आटतो, हें जाणत्या अधिकाऱ्यास कळतें. पतीचा हा पहिला साक्षीदार असून त्यास कर्ज काढावें लागत नाहीं.

तिसरें काम लहान कर्जाचें. पण तें गरजेचें असावें. केवळ नोंद उमटावी म्हणून व्याज भरणें हें बुजगावण्यास सदरा शिवण्यासारखें आहे. बियाणें, खत, मजुरी यांसाठीं पैसा लागतच असेल, तर तो अशा ठिकाणाहून काढावा कीं जेथें आपलें नांव नोंदलें जाईल व तारण आपल्याच आटोक्यांत असेल. मुदत ठेवीवरील कर्ज, बँकेचें सोनें तारण कर्ज, व मालावरील तारण कर्ज असे याचे तीन प्रकार आहेत. यांपैकीं शेवटच्याकडे आमच्या लोकांचें लक्ष फार कमी आहे. काढणीच्या वेळीं भाव पडलेला असतो. अशा वेळीं सोयाबीन, तूर, हरभरा न विकतां बाजार समितीच्या गोदामांत ठेवून पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेंत किमतीच्या तीन चतुर्थांशापर्यंत रक्कम सहा महिन्यांकरितां उचलतां येते. नोंदणीकृत वखारीच्या पावतीवर बँकाही कर्ज देतात. नोंदीच्या दृष्टीनें बँकेचें कर्ज अधिक उपयोगी, व भावाच्या दृष्टीनें दोन्हीं सारखींच हिताचीं.

चौथें काम पीक कर्जाचें. १९९८ पासून किसान क्रेडिट कार्डाची पद्धत आहे. जमीन कसणाऱ्या मालकासच नव्हे, तर कुळास, तोंडी करारानें कसणाऱ्यास व वांटेकऱ्यासही तें मिळण्याची तरतूद आहे. १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपयांपर्यंतच्या शेती कर्जास तारण मागूं नये असा नियम झाला. वेळेवर फेड करण्याचा लाभ किती, हें एका उदाहरणानें पाहावें. १ लाख रुपयांचें पीक कर्ज शेंकडा ७ दरानें घेतलें तर वर्षाचें व्याज ७ हजार. व्याज सवलतीच्या केंद्रीय योजनेंत वेळेवर फेडणारास ३ टक्के सूट मिळते. म्हणजे उरले ४ हजार. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवाच्या राज्याच्या योजनेंतून त्यांतही आणखी सूट मिळते. हाच लाख रुपया गांवांत दरमहा शेंकडा ३ नें काढला, तर वर्षाचें व्याज ३६ हजार होतें आणि नोंद मात्र कोठेंच होत नाहीं. तेथें इमानानें फेडलें तरी पत वाढत नाहीं. चुकलें तर जमीन जाते.

जमीन आईच्या किंवा पत्नीच्या नांवें असेल, तर कर्जही तिच्याच नांवें काढावें व खातेंही तिचेंच असावें. नांव एकीचें व व्यवहार दुसऱ्याचा अशानें दोघांचीही पत होत नाहीं. ज्या घरांत जमीन थोडी आहे तेथें बायकांचे बचत गट फार उपयोगी पडतात. १९९२ साली नाबार्डनें बँका व गट यांची सांगड घालण्यास आरंभ केला. दरमहा थोडी बचत, आपसांत लहान कर्ज, ठरल्या दिवशीं भरणा, व त्याची वही सर्वांसमोर वाचणें. १९०४ च्या पतसंस्थेचेंच हें तत्त्व, निराळ्या हातांनीं चालविलेलें.

काय टाळावें

पत उभारण्यास वर्षें लागतात. मोडण्यास एक सही पुरते. ती सही बहुधा जामिनाची असते. ‘नुसती सही करावयाची आहे’ असें जेव्हां भाऊबंद म्हणतात, तेव्हां ती नुसती सही नसते. मूळ ऋणको थकला कीं जामिनाच्या नांवावरही डाग येतो. जेवढी रक्कम स्वतः भरण्याची तयारी असेल, तेवढ्यालाच जामीन राहावें. नात्यांत वाईटपणा येईल हें खरें. पण नकारानें येणारा वाईटपणा चार महिन्यांत विरतो, थकबाकीनें येणारा पिढीभर राहतो.

ट्रॅक्टरच्या दुकानांत उभ्या उभ्या कर्जाच्या कागदावर सही करूं नये. हप्ता सहामाही कीं मासिक, व तो आपल्या मालाच्या विक्रीच्या महिन्याशीं जुळतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. भ्रमणध्वनीवर दोन घटकांत पैसे देऊं करणाऱ्या अनोळखी उपयोजनांपासून तर दूरच राहावें. एकाच महिन्यांत पांच ठिकाणीं अर्ज टाकूं नयेत. प्रत्येक चौकशीची नोंद अहवालांत उमटते व माणूस अडचणींत आहे असा अर्थ त्यावरून निघतो. ‘सिबिल वाढवून देतों’ म्हणून पैसे मागणाऱ्या दलालास दारांत उभें करूं नये. खरी नोंद पुसण्याचा अधिकार त्यास नाहीं, व खोटी नोंद दुरुस्त करण्यास पैसे लागत नाहींत.

कर्जमाफीविषयींही दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. २००८, २०१७ व २०१९ या सालीं झालेल्या माफ्यांनीं बुडत्या घरांस हात मिळाला, हें आम्ही मानतों. परंतु पुढील माफी येईल म्हणून भरण्याची ऐपत असतां हप्ता अडवून धरणें हा जुगार आहे. पीक कर्ज दोन हंगाम थकलें म्हणजे अल्प मुदतीच्या पिकाचें खातें अनुत्पादक ठरतें, व पतमाहिती कंपन्यांस ती माहिती किमान सात वर्षें जतन करावी लागते. माफी मिळाली तरी सातबारावरील बोजा उतरला कीं नाहीं, व अहवालांत बाकी शून्य झाली कीं नाहीं, हें स्वतः तपासून घ्यावें. तडजोडीनें कमी रक्कम भरून खातें मिटविलें, तर ‘पूर्ण फेड’ असें न लिहितां ‘तडजोड’ असें लिहिलें जातें. पुढील अधिकारी त्या दोन शब्दांतील भेद जाणतो.

पाऊसच बुडाला तर काय करावें ? तोंड लपवूं नये. नैसर्गिक आपत्ति जाहीर झाल्यावर कर्जाचें पुनर्गठन करण्याची तरतूद आहे. पण तिचा उपयोग थकबाकी होण्यापूर्वीं बँकेंत जाऊन लेखी अर्ज देणाऱ्यासच नीट होतो. बँकेपासून दूर राहिल्यानें कर्ज दूर राहत नाहीं.

नोंदींत चूक निघाल्यास

दुसऱ्याचें कर्ज आपल्या नांवावर, फेडलेलें कर्ज बाकी म्हणून, एकाच कर्जाच्या दोन नोंदी, अशा चुका होतात. फुकटचा अहवाल दरवर्षीं काढून तो कुळाच्या कागदाइतक्या काळजीनें वाचावा. स्वतःस संगणक जमत नसेल तर मुलाकडून वाचवून घ्यावा. परंतु आधार क्रमांक व सांकेतिक शब्द परक्याच्या हातीं देऊं नयेत. चूक दिसल्यास कंपनीकडे व बँकेकडे लेखी तक्रार करून पोंच घ्यावी. ३० दिवसांत तक्रारीचा निकाल लागला पाहिजे. न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई तक्रारदारास मिळावी, असा नियम एप्रिल २०२४ पासून सुरू झाला. बँकांनीं माहिती किमान पंधरवड्यास एकदां पाठवावी असाही नियम २०२५ च्या आरंभापासून झाला. म्हणून भरणा केल्यावर महिनाभरानें नोंद उतरली कीं नाहीं तें पाहण्यास हरकत नाहीं. कर्ज फिटल्यावर बाकी नसल्याचा दाखला घेऊन तो सातबाराच्या पुडक्यांतच ठेवावा.

त्या मित्राचें पुढें काय झालें

आमच्या त्या मित्रानें प्रथम सोसायटींत स्वतःच्या नांवें सभासदत्व घेतलें. वडिलांच्या खात्याचा सव्वीस वर्षांचा उतारा गटसचिवाकडून शिक्क्यासह लिहून घेतला. त्या खरिपास बियाण्याखतासाठीं चाळीस हजार रुपये कमी पडत होते. आईनें आपल्या पाटल्या काढून दिल्या. सोनें गहाण टाकण्यास तो कचरत होता, व खरें सांगावयाचें तर आम्हांसही तें बरें वाटलें नाहीं. पण ती बाई म्हणाली, ‘पाटल्या पेटींत ठेवून पीक येत नाहीं. तूं तारखेवर सोडवून आण, म्हणजे झालें.’ बँकेंतून सोनें तारण कर्ज निघालें.

त्या वर्षीं परतीच्या पावसानें सोयाबीन भिजलें व उतारा खालीं आला. मुदतीस तीन आठवडे उरले असतां नऊ हजार रुपये तुटत होते. गांवांत कोणीही ते दिले असते, पण कोणत्या दरानें हें त्यास ठाऊक होतें. त्यानें दावणीची एक कालवड विकली व मुदतीच्या आठ दिवस आधीं पाटल्या घरीं आणल्या. ही कालवड विकावी कीं नाहीं, यावर त्याचें व आमचें एकमत नव्हतें. बँकेंत जाऊन मुदत वाढवून मागावी असें आमचें मत होतें. त्यानें ऐकलें नाहीं. मधल्या काळांत एका चुलतभावानें ट्रॅक्टरच्या कर्जास जामीन राहण्याची गळ घातली होती. तीही त्यानें नाकारली, व दिवाळीस त्या घरून फराळाचें ताट आलें नाहीं.

दुसऱ्या वर्षीं हरभरा गोदामांत ठेवून त्यानें वखारीच्या पावतीवर बँकेचें कर्ज काढलें व भाव येतांच फेडलें. त्यानंतर तो त्याच बँकेंत पुनः गेला. अधिकारी नवीन होता. यंत्रांत आतां इतिहास होता. लहानसा, पण स्वच्छ. त्याबरोबर वडिलांच्या खात्याचा तो जुना उतारा त्यानें टेबलावर ठेवला. अधिकाऱ्यानें तो आरंभापासून अखेरपर्यंत वाचला व एवढें विचारलें कीं, अमुक वर्षीं दुष्काळ असतां भरणा कसा झाला ? मुलानें सांगितलें, ‘त्या वर्षीं बैल विकला होता.’

कर्ज मंजूर झालें. मागितलें होतें तेवढें नाहीं, एका एकरापुरतें. यंदा एका एकरांत नळ्या पडल्या आहेत. दुसऱ्या एकरासाठीं तो आणखी एक वर्ष थांबणार आहे, आणि आमच्या मतें तेंच योग्य आहे. पत ही विहिरीच्या पाण्यासारखी असते. जेवढा झरा, तेवढाच उपसा असावा. ज्यानें आरंभींच मोठी मोट लावली त्याची विहीर चैत्रांत कोरडी पडते.

आमच्या वाचकांनीं या महिन्यांत दोनच गोष्टी कराव्या. आपला अहवाल मागवून वाचावा, आणि सोसायटींतील आपल्या खात्याचा उतारा शिक्क्यासह घरीं आणून ठेवावा. ज्या घरांत मुलगा किंवा सून हातीं शेती घेणार असेल, त्या घरांत वडील माणसानें त्यांस जवळ बसवून तो उतारा वाचून दाखवावा. जमीन, विहीर, बैलजोडी यांची वांटणी आपण करतों. नांवाचीही वांटणी होते, आणि ती जिवंतपणींच झालेली बरी.